तीन गोळ्यांची सोय

भारताच्या खासगी औषधबाजारात २०१९ साली सर्वांत जास्त खपलेलं प्रतिजैविक कोणतं, याचं उत्तर २०२२ मध्ये ‘लॅन्सेट’च्या आग्नेय आशियाविषयक नियतकालिकातल्या एका अभ्यासानं दिलं. ते होतं ॲझिथ्रोमायसिन, पाचशे मिलिग्रॅमची गोळी. त्या वर्षीच्या एकूण प्रतिजैविक-मात्रांपैकी ७.६ टक्के मात्रा या एका गोळीच्या होत्या. सेफिक्झिमची दोनशेची गोळी तिच्या मागोमाग दुसरी. आकडा वाचून धक्का बसावा असं काही नाही. घसा धरला, नाक चोंदलं, अंगात कणकण आली की ‘तीन दिवसांचा कोर्स’ करून टाकायचा, हे आता शहरात आणि तालुक्याच्या गावातही सांगावं लागत नाही. मेडिकलच्या काउंटरवर नुसतं ‘ॲझिथ्रो’ म्हटलं तरी पट्टी समोर येते. मागच्या वेळच्या उरलेल्या दोन गोळ्या घरातल्या औषधांच्या डब्यात असतात, त्या निराळ्याच.

अशा औषधाच्या सुरक्षित वापराची चर्चा आपण बहुधा चुकीच्या टोकापासून सुरू करतो. जेवणाआधी घ्यायची की नंतर, दुधाबरोबर चालते का, पोट बिघडतं का, असे प्रश्न विचारतो. हे प्रश्न रास्त आहेत, पण ते नंतरचे. त्यांच्या आधीचा प्रश्न, म्हणजे ही गोळी मुळात कशासाठी, हा आपण ओलांडून पुढं आलेलो असतो. घसा आणि सायनसच्या दुखण्यांत, ॲझिथ्रोमायसिन ज्यात मोडतं त्या मॅक्रोलाइड गटातल्या औषधांचा धोका त्यांच्या विषारीपणात फारसा नाही. तो त्यांच्या सोयीत आहे, असं माझं म्हणणं आहे. दिवसातून एकदा, एकूण तीन गोळ्या, शंभर रुपयांच्या आत काम. दुखणं आणि औषध यांच्यामध्ये निदान नावाची जी पायरी असते, ती या सोयीनं गिळून टाकली आहे.

ही सोय कुठून आली, हे पाहण्यासारखं आहे. मॅक्रोलाइड कुळाचा मूळपुरुष एरिथ्रोमायसिन. फिलिपिन्समधल्या इलोइलो इथल्या मातीचा नमुना ॲबेलार्डो ॲगिलार या डॉक्टरांनी १९४९ मध्ये अमेरिकेतल्या एली लिली कंपनीकडं पाठवला आणि त्या मातीतल्या जिवाणूपासून मिळालेलं हे औषध १९५२ मध्ये बाजारात आलं. पेनिसिलिन न सोसणाऱ्या रुग्णांना त्यानं मोठा आधार दिला. पण त्याच्या खोडीही होत्या. जठरातल्या आम्लात ते टिकत नसे, दिवसातून चार-चार वेळा घ्यावं लागे आणि आतड्यांना चाळवून पोटात मुरडा आणी. १९८० मध्ये तेव्हाच्या युगोस्लाव्हियातल्या झाग्रेबमध्ये प्लिवा कंपनीच्या रसायनशास्त्रज्ञांनी या रेणूच्या कड्यात नायट्रोजनचा एक अणू बसवला आणि ॲझिथ्रोमायसिन तयार झालं. जपानच्या तैशो कंपनीचं क्लॅरिथ्रोमायसिनही त्याच सुमाराचं. नवा रेणू आम्लात टिकला, रक्तातून पटकन निघून पेशींमध्ये जाऊन बसला आणि तिथं रेंगाळला. त्याचं शरीरातलं प्रमाण निम्म्यावर यायला सुमारे ६८ तास लागतात. म्हणून गोळ्या तीनच दिवस घेतल्या तरी औषधाचा अंमल पुढं बरेच दिवस चालू राहतो. रुग्णाच्या दृष्टीनं हे वरदान आहे. जिवाणूंच्या दृष्टीनं याचा अर्थ काय होतो, ते पुढं येईल.

मॅक्रोलाइडं काम कशी करतात, हेही दोन वाक्यांत सांगायला हवं, कारण ती कुठं काम करत नाहीत हे त्यातून आपोआप कळतं. जिवाणूच्या पेशीत प्रथिनं घडवणारा रायबोसोम असतो. तयार होणारी प्रथिनाची साखळी त्यातल्या एका बोगद्यातून बाहेर पडते आणि नळात बोळा बसावा तसं हे औषध त्या बोगद्यात अडकून बसतं. रायबोसोमच्या रचनेवरच्या कामासाठी २००९ चं रसायनशास्त्राचं नोबेल व्यंकटरामन रामकृष्णन, थॉमस स्टाइट्झ आणि आदा योनाथ यांना मिळालं, आणि प्रतिजैविकं तिथं नेमकी कशी बसतात हे कळायला त्या कामाची मोठी मदत झाली. विषाणूकडं स्वतःचा रायबोसोमच नसतो. तो आपल्या पेशींचा वापरतो आणि आपला रायबोसोम निराळ्या घडणीचा असल्यानं त्याला हे औषध धरत नाही. तेव्हा सर्दी-घशाच्या विषाणूसमोर ॲझिथ्रोमायसिनची ताकद कमी पडते असं म्हणणंही चूक. तिथं त्याला धरायला जागाच नाही.

आता घसा. घसादुखीची बहुसंख्य प्रकरणं विषाणूंची असतात. जिवाणूंपैकी ज्याची खरी धास्ती बाळगावी तो अ गटाचा स्ट्रेप्टोकोकस. घसा दुखतो म्हणून डॉक्टरांकडं आलेल्या मोठ्या माणसांत तो साधारण ५ ते १५ टक्के आणि मुलांत २० ते ३० टक्के वेळा सापडतो. तो ओळखायला मदत व्हावी म्हणून रॉबर्ट सेंटर या अमेरिकी डॉक्टरांनी १९८१ मध्ये चार साध्या खुणा मांडल्या : ताप, टॉन्सिलवर पांढरा-पिवळा थर, गळ्याच्या पुढच्या बाजूला दुखऱ्या गाठी आणि खोकला नसणं. यातली चौथी खूण आपल्याकडं उलटी वाचली जाते. खोकला, नाक गळणं, आवाज बसणं, डोळे लाल होणं, हे सगळं बरोबर असेल तर दुखणं विषाणूचं असण्याचीच शक्यता अधिक. आपण मात्र लक्षणं जितकी जास्त तितकं औषध ‘कडक’ हवं असं धरून चालतो. आणि चारही खुणा जुळल्या तरी स्ट्रेप असण्याची शक्यता निम्म्याच्या आसपासच असते. म्हणून घशातला नमुना तपासण्याला महत्त्व आहे.

स्ट्रेप ठरलाच, तर पहिलं औषध कोणतं? इथं मॅक्रोलाइडच्या लोकप्रियतेचा पाया सरळ ढासळतो. अ गटाच्या स्ट्रेप्टोकोकसनं इतक्या दशकांत पेनिसिलिनला दाद देणं थांबवलेलं नाही. पेनिसिलिन किंवा ॲमॉक्सिसिलिन दहा दिवस, अथवा बेंझाथीन पेनिसिलिनचं एक इंजेक्शन, हा जुना आणि स्वस्त उपाय आजही पहिल्या क्रमांकावर आहे. मॅक्रोलाइडला मात्र हाच जिवाणू जगात अनेक ठिकाणी दाद देईनासा झाला आहे : कधी तो रायबोसोमवर एक छोटा रासायनिक गट चिकटवून औषधाची जागा बदलतो, कधी आत आलेलं औषध बाहेर फेकतो. म्हणून अमेरिकेच्या संसर्गरोग संघटनेच्या २०१२ च्या मार्गदर्शक सूचनांत मॅक्रोलाइडची जागा पेनिसिलिनची खरी ॲलर्जी असलेल्यांपुरती आहे. तिथंही ॲझिथ्रोमायसिन पाच दिवस आणि क्लॅरिथ्रोमायसिन दहा दिवस द्यायला सांगितलं आहे. तीन गोळ्यांची पट्टी हे सगळ्या आजारांना लागू पडणारं माप नव्हे. शिवाय पेनिसिलिनची ॲलर्जी असल्याचं जे सांगतात, त्यांतल्या बहुतेकांना रीतसर तपासणीत ती नसल्याचं आढळतं. लहानपणी कधीतरी अंगावर उठलेलं पुरळ जन्मभराचा शिक्का होऊन बसतं आणि त्या शिक्क्यापायी चांगलं औषध सोडून दुय्यम औषध हाती येतं.

आपल्याकडं या मुद्द्याला एक गंभीर बाजू आहे. स्ट्रेपच्या घशानंतर काही मुलांना संधिवाताचा ताप येतो आणि तो हृदयाच्या झडपांना कायमची इजा करून जातो. श्रीमंत देशांतून जवळपास मागं पडलेला हा आजार भारतात अजून आहे. म्हणून ‘घशाला अँटिबायोटिक नकोच’ असा सरसकट उपदेश इथं बेजबाबदारपणाचा ठरेल. दुखणं सुरू झाल्यापासून नऊ दिवसांच्या आत योग्य उपचार मिळाला तर संधिवाताचा ताप टाळता येतो. म्हणजे एक-दोन दिवस तपासणीसाठी थांबायला पुरेशी सवड आहे. आणि ज्या भीतीपोटी औषध द्यायचं, ती खरी असेल तर द्यायचं औषध पेनिसिलिनच्या घराण्यातलं हवं. भीती स्ट्रेपची आणि गोळी अशी, जिला तो कदाचित दाद देणार नाही, हा सावधपणाचा नुसता देखावा झाला.

सायनसमध्ये तर मॅक्रोलाइडची बाजू आणखी लंगडी आहे. सर्दीत सायनस सुजतातच. गाल जड होतात, कपाळ ठणकतं, शेंबूड घट्ट होतो. यातून पुढं जिवाणूंचा सायनसायटिस मोठ्या माणसांत १०० पैकी फार तर दोन सर्दींत होतो. शेंबूड पिवळा-हिरवा झाला की ‘सर्दी पिकली, आता अँटिबायोटिक लागणार’ हा समज पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. पण तो रंग आपल्याच पांढऱ्या पेशींमुळं येतो, आणि विषाणूच्या सर्दीतही येतो. जिवाणूंचा संशय घ्यायला तीन रास्त कारणं आहेत : दहा दिवस होऊनही काहीच उतार नाही, सुरुवातीलाच १०२ फॅरनहाइटच्या घरात ताप आणि त्याबरोबर पुवासारखा शेंबूड किंवा चेहऱ्याचा ठणका सलग तीन-चार दिवस, किंवा पाच-सहा दिवसांत बरं वाटू लागल्यावर पुन्हा उलटणं. यांतलं काही असेल तरीही २०१२ च्या त्याच संघटनेच्या सूचना मॅक्रोलाइड वापरू नका असं स्पष्ट सांगतात, कारण सायनस धरणारा न्यूमोकोकस हा जिवाणू त्यांना मोठ्या प्रमाणात जुमानत नाही. पहिली पसंती ॲमॉक्सिसिलिन-क्लॅव्ह्युलेनिक आम्ल या जोडगोळीला आहे.

एक अपवाद नोंदवायला हवा. महिनोन्‌महिने चालणाऱ्या जुनाट सायनसच्या काही निवडक रुग्णांत कान-नाक-घसा तज्ज्ञ कमी मात्रेत मॅक्रोलाइड कित्येक आठवडे देतात. जपानमध्ये शोजी कुदोह यांनी फुप्फुसाच्या एका दुर्धर आजारात एरिथ्रोमायसिनचा असा वापर केला, त्यातून ही वाट निघाली. तिथं जिवाणू मारण्याचा हेतू नसतो. दाह शमवण्याचा असतो. हा उपचार तज्ज्ञाच्या नजरेखाली, हृदय आणि यकृताची चौकशी करून होतो. दर सर्दीला तीन गोळ्या खाण्याचं समर्थन त्यातून निघत नाही.

इथवर प्रश्न होता, औषध हवं का. आता समजा ते खरंच हवं आहे. मग सुरक्षितपणा म्हणजे काय? मळमळ, जुलाब, पोटात दुखणं हे त्रास होतात आणि बहुधा निवळतात. खरी सावधगिरी हृदयाबाबत लागते. मॅक्रोलाइडं हृदयाच्या ठोक्यांमागच्या विद्युत्क्रियेत ढवळाढवळ करू शकतात. ईसीजीवर क्यूटी म्हणतात ते अंतर लांबतं आणि क्वचित ठोक्यांची जीवघेणी गडबड होते. अमेरिकेतल्या टेनेसी राज्यात वेन रे आणि सहकाऱ्यांनी केलेला अभ्यास २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. ॲमॉक्सिसिलिनच्या तुलनेत ॲझिथ्रोमायसिनच्या दर दहा लाख कोर्समागं हृदयविकारानं होणारे मृत्यू ४७ नं जास्त, आणि ज्यांना हृदयविकाराचा धोका सर्वांत जास्त अशा दहाव्या हिश्श्यातल्या रुग्णांत २४५ नं जास्त, असा त्यांचा अंदाज होता. पुढच्याच वर्षी अमेरिकी औषध प्रशासनानं इशारा जारी केला. त्याच वर्षी डेन्मार्कमधल्या तरुण आणि मध्यमवयीन लोकांवरच्या मोठ्या अभ्यासात मात्र असा वाढीव धोका दिसला नाही. दोन्ही अभ्यास एकत्र वाचले की अर्थ लागतो : निरोगी तिशीतल्या माणसानं घाबरून जाण्याचं कारण नाही, पण हृदयविकार असलेले, रक्तातलं पोटॅशियम किंवा मॅग्नेशियम कमी असलेले, क्यूटी आधीच लांबलेले आणि वयोवृद्ध यांच्यासाठी ही ‘साधी गोळी’ साधी राहत नाही.

त्यात आपल्याकडची एक खास सवय भर घालते. प्रतिजैविक लिहिलं की पोट बिघडू नये म्हणून सोबत ‘गॅसची गोळी’ आलीच, आणि त्या गोळीत पँटोप्राझोलबरोबर पुष्कळदा डोम्पेरिडोनही असतं. डोम्पेरिडोन स्वतःच क्यूटी लांबवतं. एरिथ्रोमायसिन आणि क्लॅरिथ्रोमायसिन यकृतातलं औषधं मोडणारं एक महत्त्वाचं विकर रोखून धरतात, त्यामुळं डोम्पेरिडोनचं रक्तातलं प्रमाण वाढतं. म्हणून ही जोडी देऊच नये असा दंडक आहे. ॲझिथ्रोमायसिन ते विकर फारसं अडवत नाही, पण क्यूटीवर दोन्हींचा भार एकत्र पडतोच. म्हणजे औषधाच्या त्रासापासून वाचवायला दिलेली गोळीच त्याच्या सर्वांत गंभीर धोक्यात भर टाकू शकते. उलटी थांबवणारं ऑनडॅन्सेट्रॉन आणि लिव्होफ्लॉक्सॅसिनसारखी प्रतिजैविकं यांनाही हेच लागू आहे.

विकर अडवण्याची ही खोड इतर औषधांनाही भोवते. क्लॅरिथ्रोमायसिन किंवा एरिथ्रोमायसिन चालू असताना सिमव्हास्टॅटिन, ॲटॉरव्हास्टॅटिन यांसारख्या कोलेस्टेरॉलच्या गोळ्या रक्तात साचून स्नायू झिजवू शकतात. दम्यासाठी घेतलेलं थिओफिलिन आणि फिट्ससाठीचं कार्बामाझेपिन विषारी पातळीला जाऊ शकतं. ॲम्लोडिपिनसारख्या रक्तदाबाच्या गोळ्यांचा परिणाम वाढून दाब एकदम उतरू शकतो. रक्त पातळ करणारं वॉरफरिन किंवा ॲसिनोकुमारॉल घेणाऱ्यांत रक्तस्रावाची भीती असते. या शेवटच्या गटात झडप बदललेले रुग्णही येतात. लहानपणीच्या स्ट्रेपच्या घशानं ज्याची झडप गेली, त्यालाच पुढं घसा दुखला म्हणून मेडिकलमधून आणलेली गोळी दुसऱ्या वाटेनं गाठते. यांखेरीज मायस्थेनिया हा स्नायूंचा आजार असणाऱ्यांत मॅक्रोलाइडांमुळं लक्षणं बळावू शकतात. आधी या औषधानं कावीळ झाली असेल तर ते पुन्हा घेऊ नये. आणि नुकत्याच जन्मलेल्या बाळांत, विशेषतः पहिल्या काही आठवड्यांत, जठराचं तोंड आवळण्याचा धोका वाढतो. ॲल्युमिनियम-मॅग्नेशियमचं पातळ ॲन्टासिड घेतलं असेल तर ॲझिथ्रोमायसिन त्याच्याबरोबर न घेता दोन तासांचं अंतर ठेवावं. ही यादी मेडिकलच्या काउंटरवर दहा सेकंदांत कोण विचारणार? औषध धोकादायक होतं ते बहुधा तिथं, त्या न विचारलेल्या प्रश्नांत.

आणखी एक धोका आहे, तो गोळी घेणाऱ्याला दिसत नाही, कारण तो दुसऱ्याच्या वाट्याला जातो. २००७ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये बेल्जियममधला एक नेटका प्रयोग प्रसिद्ध झाला. निरोगी स्वयंसेवकांना ॲझिथ्रोमायसिन, क्लॅरिथ्रोमायसिन किंवा नुसती खोटी गोळी देऊन त्यांच्या घशातल्या निरुपद्रवी स्ट्रेप्टोकोकसवर नजर ठेवली. औषध घेतलेल्यांच्या घशात मॅक्रोलाइडला न जुमानणाऱ्या जिवाणूंचं प्रमाण काही दिवसांतच सुमारे पन्नास टक्क्यांनी वर गेलं आणि १८० दिवसांनंतरही ते खोटी गोळी घेतलेल्यांपेक्षा जास्तच होतं. एका छोट्या कोर्सचे पडसाद अर्ध्या वर्षाहून अधिक काळ. पेशींमध्ये रेंगाळण्याचा तो गुण इथं उलटतो : पातळी मारण्याइतकी राहत नाही, पण निर्ढावलेल्यांना निवडून पुढं आणण्याइतकी बराच काळ राहते.

आणि निर्ढावलेले जिवाणू घशातच थांबले असते तर एक वेळ चाललं असतं. भारतात सिप्रोफ्लॉक्सॅसिनसारखी औषधं टायफॉइडमध्ये बरीचशी निकामी झाल्यावर तोंडानं देता येणाऱ्या खात्रीच्या औषधांत ॲझिथ्रोमायसिन उरलं आहे. पाकिस्तानच्या सिंध प्रांतात २०१६ पासून जो टायफॉइड पसरला, त्यावर तोंडानं घ्यायचं हे एकच औषध हातात राहिलं, आणि बांगलादेशात याही औषधाला दाद न देणारे टायफॉइडचे जिवाणू २०१९ मध्ये नोंदवले गेले. ही दूरची गोष्ट नाही. टायफॉइडचं भय खरं आहे म्हणूनच नवी मुंबई महापालिकेनं २०१८ मध्ये नव्या संयुग्म लसीची मोहीम हाती घेऊन पहिल्या टप्प्यात एक लाखाहून अधिक मुलांना लस दिली; सरकारी यंत्रणेनं ही लस देण्याचा देशातला तो पहिला प्रयोग होता. विदर्भात पावसाळ्यानंतर डोकं वर काढणाऱ्या स्क्रब टायफसमध्ये, डांग्या खोकल्यात, न्यूमोनियाच्या काही प्रकारांतही हे औषध मोलाचं आहे. जागतिक आरोग्य संघटनेनं प्रतिजैविकांची जी वर्गवारी केली, तीत ॲमॉक्सिसिलिन सहज वापराच्या गटात आणि ॲझिथ्रोमायसिन नजर ठेवून वापरायच्या गटात आहे. आपण नेमकं उलट चालवलं आहे.

कोविडनं हा उलटा व्यवहार आणखी रुळवला. २०२० च्या सुरुवातीला फ्रान्समधल्या मार्सेयमधून आलेल्या तोकड्या पुराव्यावर जगभर या गोळ्यांचा मारा झाला. जून ते सप्टेंबर २०२० या चार महिन्यांत भारतात मोठ्या माणसांसाठीच्या ॲझिथ्रोमायसिनच्या तब्बल ३.८ कोटी मात्रा नेहमीपेक्षा जास्त खपल्या, असा एका अभ्यासाचा अंदाज आहे. ब्रिटनच्या ‘रिकव्हरी’ चाचणीत सात हजारांहून अधिक रुग्णांत या औषधाचा काहीही उपयोग दिसला नाही, असं डिसेंबर २०२० मध्ये जाहीर झालं. पुरावा आला तोवर सवय लागून गेली होती.

या सगळ्यावर एक वजनदार आक्षेप आहे, आणि तो वातानुकूलित खोलीतल्या वाचकानं नीट ऐकायला हवा. दवाखान्यात समोर रोजंदारीवरचा माणूस बसला आहे. आजची हजेरी बुडवून आला आहे; तो पुन्हा येईल याची खात्री नाही. घशाच्या तपासणीची सोय आसपास नाही आणि असली तरी तिचे पैसे त्याला जड आहेत. डॉक्टरांनी गोळी न देता पाठवलं तर तो शेजारच्या दवाखान्यात जाईल आणि तिथं गुण आला असं गावभर सांगेल. दहा दिवस ॲमॉक्सिसिलिन घ्या म्हटलं तर तिसऱ्या दिवशी बरं वाटताच बंद करील. तीन गोळ्या मात्र पुऱ्या होतील. बेंझाथीन पेनिसिलिन अनेकदा मिळत नाही आणि मिळालं तरी इंजेक्शननंतरच्या तीव्र प्रतिक्रियेच्या धास्तीनं पुष्कळ डॉक्टर ते टोचायला धजत नाहीत. अशा वेळी तीन गोळ्यांच्या सोयीला नावं ठेवणं सोपं आहे.

यातला दहा दिवसांचा मुद्दा मला पटतो. स्ट्रेप ठरला असेल आणि माणूस दहा दिवस औषध घेणार नाही अशी रास्त शंका असेल, तर डॉक्टरांनी जाणीवपूर्वक मॅक्रोलाइड निवडणं समजू शकतं. मात्र तो अपवादाचा निर्णय आहे. त्याला कारण लागतं. बाकीचा आक्षेप उलटून पाहिला तर तो आपल्या व्यवस्थेवरचा आरोप निघतो, गोळीचं समर्थन नव्हे. तपासणी परवडत नाही म्हणून औषध द्यायचं, म्हणजे तपासणीचा खर्च रोजंदारीवरच्या त्या माणसाऐवजी उद्या टायफॉइडनं आजारी पडणाऱ्या त्याच्याच मुलावर टाकायचा. शिवाय फायदा तरी किती? घसादुखीत प्रतिजैविकांनी आजाराचा काळ सरासरी सुमारे सोळा तासांनी कमी होतो, असं कॉक्रेनच्या आढाव्यात दिसतं. एका आठवड्यात बहुतेक लोक औषधाविनाही बरे होतात. तिसऱ्या गोळीनंतर आलेला गुण बहुतेक वेळा विषाणूच्या सर्दीनं आपल्या वेळेवर काढता पाय घेतल्याचा असतो. श्रेय गोळी घेऊन जाते, आणि पुढच्या वेळी तीच मागितली जाते.

म्हणून उपाय केवळ रुग्णाच्या शहाणपणावर सोडता येणार नाही. कायद्याचं अंग आहे. ॲझिथ्रोमायसिन चिठ्ठीवरच विकायचं औषध आहे. २०१६ पासून वेष्टनावरच्या लाल रेघेचा अर्थ सांगणारी सरकारी मोहीमही झाली. पण विक्रेत्यानं रुग्णाचं आणि डॉक्टरांचं नाव वहीत नोंदवून ती तीन वर्षं ठेवायची, अशी सक्ती २०१३ साली ज्या ‘एच-वन’ परिशिष्टानं आणली, त्याच्या ४६ औषधांच्या मूळ यादीत हे औषध नव्हतं. सर्वांत जास्त खपणारं आणि जपून वापरायचं औषधच नोंदीच्या बाहेर राहावं, याचं समर्थन अवघड आहे. दुसरं अंग पुरवठ्याचं : प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात बेंझाथीन पेनिसिलिन आणि घशातल्या स्ट्रेपची जलद तपासणी असेल, तर ‘दुसरा पर्याय नव्हता’ हे वाक्य मागं घ्यावं लागेल.

आणि हे जमतं याचा दाखला आहे. फिनलंडमध्ये १९९० च्या सुमारास अ गटाचा स्ट्रेप्टोकोकस एरिथ्रोमायसिनला जुमानेनासा होऊ लागला. घशाच्या आणि त्वचेच्या बाह्यरुग्णांत मॅक्रोलाइड कमी वापरा, अशा सूचना निघाल्या आणि डॉक्टरांनी त्या पाळल्या. १९९१ मध्ये दर हजार लोकांमागं रोज २.४० मात्रा असलेला वापर १९९२ मध्ये १.३८ वर आला. आणि न जुमानणाऱ्या जिवाणूंचं प्रमाण १९९२ मधल्या १६.५ टक्क्यांवरून १९९६ मध्ये ८.६ टक्क्यांवर उतरलं. लोकांचे घसे दुखायचे थांबले नव्हते. त्यांच्या डॉक्टरांनी औषध निवडताना थांबून विचार केला होता.

रुग्णानं काय करायचं, हे त्यानंतर थोडक्यात सांगता येतं. मिठाच्या पाण्याच्या गुळण्या, पॅरासिटामॉल, भरपूर पाणी, नाकासाठी मिठाच्या पाण्याचे थेंब आणि दोन-चार दिवसांचा धीर हे उपचारच आहेत. ‘काहीच दिलं नाही’ असं त्यांना म्हणू नये. श्वास लागणं, लाळ गिळता न येणं, तोंड न उघडणं, गळ्याच्या एकाच बाजूला सूज, मान आखडणं, डोळ्याभोवती सूज किंवा दोन-दोन दिसणं, यांतलं काही झालं तर घरच्या गोळीच्या भरवशावर एक तासही घालवू नये, थेट रुग्णालय गाठावं. डॉक्टरांनी मॅक्रोलाइड लिहिलं तर चालू असलेली सगळी औषधं, हृदयाचा आणि यकृताचा इतिहास, आधीची ॲलर्जी सांगावी आणि विचारावं : हे जिवाणूचं आहे असं कशावरून वाटतं? किती दिवस घ्यायचं? गॅसच्या गोळीत डोम्पेरिडोन आहे का? मनानं गोळी बंद करू नये, आणि उरलेली दुसऱ्याला देऊ नये.

हे प्रश्न विचारले गेले तर डॉक्टरांनाही उत्तरं द्यायला वेळ काढावा लागेल, आणि वेळेला मोल असतं. आज आपण फी देतो ती चिठ्ठीवर लिहिलेल्या औषधांच्या ओळी मोजून. घसा नीट बघून, गळ्याच्या गाठी चाचपून, ‘यात अँटिबायोटिकचं काम नाही, तीन दिवसांनी फोन करा’ असं सांगणाऱ्या डॉक्टरांना तीच फी कुरकुर न करता देणारा रुग्ण तयार होत नाही, तोवर गोळ्या लिहून देणाऱ्यालाच गिऱ्हाईक मिळत राहणार. त्या नकारामागं तपासणी आहे, ज्ञान आहे आणि नाव खराब होण्याचा पत्करलेला धोकाही आहे. त्याचे पैसे द्यायला आपण तयार झालो, तर खरोखर गरज पडेल त्या दिवशी हे औषध चालेल, आपल्यालाही आणि शेजारच्या टायफॉइडच्या रुग्णालाही.